देवघरातल्या डब्या

यंत्रावरच्या भरवशाचं बोलताय, म्हणून औंधजवळच्या तात्यांचं सांगतो. आदल्या उन्हाळ्यात वीज गेली, पंखे थांबले आणि त्यांच्या निम्म्या कोंबड्या मेल्या. म्हणून पुण्याच्या एका साहेबांनी शेडमध्ये चार डब्या लावल्या. लावायला मीच होतो. डबी शेडमधली उष्णता मोजायची आणि वायरीशिवाय, रेडिओसारखी, घरातल्या खोक्याला कळवायची. शेड तापलं की खोक्याचा भोंगा वाजायचा. सगळं बॅटरीवर चालायचं.

दसऱ्यानंतर कोंबड्यांची गाडी भरून विकायला जायची होती. त्या पैशावर तात्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

खंडेनवमीला भर दुपारी मी त्यांच्याकडे गेलो.

"ये रं, प्रसाद घे," तात्या म्हणाले.

देवघरात कोयता, विळा, पाना आणि त्यांच्याशेजारी चारही डब्या मांडलेल्या. हळदकुंकू लावून, झेंडू वाहून.

"आवं तात्या, डब्या हितं कशा?"

"आज हत्यारांची पूजा न्हवं का? पान्याला फूल वाहतो, मग डब्यांनी काय घोडं मारलंय? संध्याकाळी लावतो परत. आन् खोकं बघ की, लय गार दावतंय!"

"तात्या, वीज हाय का?"

त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. दिवा लागला नाही.

आम्ही पळत शेडवर गेलो. पंखे थांबले होते. कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख पसरून पडल्या होत्या. एकही हलत नव्हती.

तात्या घरात गेले आणि खोकं घेऊन आले. माझ्यापुढं धरून म्हणाले, "बघ रं, अजून गारच म्हणतंय."