टबात पडलेल्या वस्तूबाबत

नाव वुयानी डोंडाशे. वय २३. धंदा टायरच्या दुकानात पंक्चर काढणे व चाके बसविणे. शिक्षण सातवी पास, आठवीत तीन आठवडे. मूळ गाव ईस्टर्न केप प्रांतात, इथून बसने चौदा तास. हल्ली मुक्काम ब्लाउक्लिप, घरमालकीण मा केबोने यांच्या अंगणातली मागची खोली.

मी ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणाच्या दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहून देतो. स्वतःच्या हाताने, कारण सार्जंट सेरोके बाई म्हणाल्या, “तू फार भरभर बोलतोस, तूच लिही.”

फेब्रुवारीत रीनामावशी नावाच्या बाई आमच्या दुकानात पंक्चर घेऊन आल्या. वय एकसष्ट, निवृत्त नर्स. डिकीत पुठ्ठ्याची कापलेली माणसं होती. हे काय, विचारलं. म्हणाल्या, पिस्तुलाच्या स्पर्धेचं सामान. मी म्हणालो, “एका जागी उभं राहून ठिपक्याकडे बघायचं, तेच ना?” त्या म्हणाल्या, “नाही रे बाबा. बीप वाजला की पिस्तूल काढायचं, पळायचं, नेम धरायचा, परत पळायचं. घड्याळ चालूच असतं.” मला एका जागी बसवत नाही. आधीच्या तीन नोकऱ्या त्यामुळेच गेल्या. त्या शनिवारी मी त्यांच्या नेमबाजीच्या क्लबात गेलो. मावशी गुडघ्याला पट्टा बांधून चौदा सेकंदांत सगळे पुठ्ठे फोडून आल्या आणि म्हणाल्या, “आज गुडघा साथ देत नाही.” तेव्हापासून मी जातो.

पहिले दोन महिने त्यांनी मला एक गोळी झाडू दिली नाही. नुसते नियम. बोट चापाबाहेर. नळी मातीच्या बांधाकडे. हातातून पिस्तूल पडलं तर ज्याचं पडलं त्याने उचलायचं नाही. पंच उचलणार, रिकामं करणार, आणि ज्याचं पडलं तो त्या दिवसापुरता बाद. कितीही मोठा माणूस असो.

नवख्यांची स्पर्धा वर्षातून एकदाच असते. ती परवा शनिवारी ता. १६ रोजी आहे. पोलिसांकडून पिस्तूल वापरण्याच्या पात्रतेचा दाखला मिळालेला नसेल तर भाग घेता येत नाही, दिवसभर पुठ्ठ्यांची भोकं चिकटपट्टीने बुजवायला लावतात. मी परीक्षा पास आहे. दाखल्याचा अर्ज एप्रिलमध्ये याच ठाण्यात दिला. दर मंगळवारी विचारायला येतो. खिडकीत सार्जंट बाईच असतात. त्या दर मंगळवारी सांगतात, “प्रिटोरियाहून आला नाही.”

आज गुरुवार ता. १४ ऑगस्ट. सायंकाळी पाचच्या सुमारास मी अंगणात सराव करत होतो. कपड्यांच्या दोरीला तीन पुठ्ठे लावले होते. कमरेला लाकडाचं पिस्तूल होतं, मी स्वतः कोरलेलं. कोणाचा गैरसमज नको म्हणून निळं रंगवलं आहे. मा केबोने पायरीवर बीट सोलत होत्या. माझ्या विनंतीवरून त्या पंच होत्या. त्या ओरडायच्या, “तयार? थांब...” मग माझा फोन बीप करायचा. शेजाऱ्याने ते भिंतीवरून पाहिलं आणि ठाण्यात फोन केला की, म्हातारी एका हत्यारबंद पोराला हुकूम देत आहे.

पाच वाजून दहा मिनिटांनी पोलिसांची गाडी आली. कॉन्स्टेबल मोथीबी साहेब उतरून धावत आत आले आणि ओरडले, “हात वर!” मी हात वर केले. पण स्पर्धेत सुरुवातीला मनगटं खांद्यांच्या वर ठेवून, समोर बघत, हलायचं नाही, अशी एक पद्धत आहे. मी तसा उभा राहिलो. साहेबांना वाटलं, शरण आला. मला वाटलं, आता बीप वाजेल.

तेवढ्यात फाटकात सार्जंट बाई गाडी मागे घेऊ लागल्या. गाडी मागे येताना बीप वाजतो.

माझा हात कमरेला गेला. यात माझा हेतू नव्हता. सहा महिन्यांची सवय होती.

साहेबांनी मागे उडी मारली. मागे मा केबोने यांचा चादरी भिजवलेला टब होता. साहेब त्यात बसले. त्यांच्या हातातली एक वस्तूही टबात पडली. कोणती, ते लिहायची गरज नाही असं सार्जंट बाई म्हणतात. काळी होती. बुडाली.

मी क्लबात ओरडतात तसा ओरडलो, “थांबा!” सगळे थांबले. गाडीसुद्धा. साहेब वस्तूकडे हात घालू लागले. मी म्हणालो, “हात लावू नका! ज्याची पडली त्याने उचलायची नसते!”

साहेब पाण्यात बसून म्हणाले, “मग कोण उचलणार?”

“पंच.”

सगळ्यांनी मा केबोने यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “मी नाही बाई. माझे हात बीटाचे आहेत. आणि त्या चादरी परत कोण धुणार?”

शेवटी सार्जंट बाई आल्या. त्यांनी वस्तू बाहेर काढली, भिंतीकडे धरली, आतलं सगळं काढून खिशात टाकलं. अगदी बरोबर केलं. मला राहवलं नाही. मी साहेबांना म्हणालो, “सर, तुम्ही बाद.” हे बोलायला नको होतं.

ठाण्यात साहेब हीटरपाशी उभे होते. म्हणाले, “भावा, टॉर्च पडली असं लिही ना.” मी म्हणालो, “खोटं लिहिलं तर मावशी मला दारात उभं करणार नाहीत.” मग ‘वस्तू’ हा शब्द सार्जंट बाईंनीच सुचवला. कागद काढायला त्यांनी खालचा खण उघडला. त्यात माझा दाखला होता. त्यावर आल्याची तारीख २७ मे अशी आहे. त्या म्हणाल्या, “आजच आलेला दिसतोय.” मी सही करून घेतला.

शेजाऱ्याविषयी माझी तक्रार नाही. चादरी मोथीबी साहेब धुऊन देणार आहेत. शनिवारी क्लबात किती वाजता यायचं, असं ते मला तीनदा विचारून गेले. मी सांगितलं, नऊला. वस्तू घरी ठेवून या, पहिले दोन महिने लाकडाचंच असतं. माझं निळं देईन.

वरील मजकूर सार्जंट सेरोके बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला, ‘वस्तू’ तेवढी हळू. तो मी लिहिल्याप्रमाणेच आहे.

सही : वुयानी डोंडाशे