सात नंबरच्या गाडीचं कुलूप

नाव व पत्ता : वेगळ्या पाकिटात दिला आहे. वय : ३४ वर्षे. धंदा : नोकरी, सॉफ्टवेअर लिहिणे.

कोणी न बोलावता मी आज ठाण्यात हजर होऊन सांगतो की, मी सहा वर्षांपासून एका खासगी रुग्णवाहिका कंपनीत आहे. कंपनीच्या चौदा गाड्या आहेत. कुठल्या फोनला कुठली गाडी पाठवायची हे आमचा प्रोग्राम ठरवतो. तो एकसंध नाही. फोन नोंदवणारा भाग वेगळा, गाडी निवडणारा वेगळा, ड्रायव्हरला कळवणारा वेगळा. सगळे एकाच वेळी चालतात आणि एकमेकांना निरोप धाडतात. काम तुंबू नये म्हणून गाडी निवडणाऱ्या भागाच्या दोन प्रती चालू असतात.

दोन्ही प्रतींनी एकच गाडी उचलू नये यासाठी निवडण्याआधी गाडीवर कुलूप लावायचे, म्हणजे दुसऱ्या प्रतीला ती घेता येणार नाही अशी खूण करायची, असा नियम मीच लिहिला होता. त्यात प्रत्येक फोनमागे सुमारे एक सेकंद जाई. एका मोठ्या रुग्णालयाला प्रोग्राम दाखवायचा होता, तेव्हा मॅनेजरसाहेब म्हणाले, "स्क्रीन लगेच हलली पाहिजे. ते कुलूप काढ." तोंडी म्हणाले. मी काढले. परत लावायला कोणी सांगितले नाही, मीही लावले नाही.

त्यानंतर एकाच वेळी दोन लुटुपुटीचे फोन लावून पाहायची आमची चाचणी दहात तीनदा नापास होऊ लागली. मी चाचणीतल्या दोन फोनांच्या मध्ये दोन सेकंदांची विश्रांती घातली. चाचणी पास झाली. चाचण्या पाहणाऱ्या बाईंना आम्ही काकू म्हणतो. त्या म्हणाल्या, "दोन माणसं एकाच वेळी आजारी पडणार नाहीत, असं कुणी लिहून दिलंय का रे तुला?" मी हसलो आणि त्यांना चहाला घेऊन गेलो.

मागच्या मंगळवारी सकाळी १०.४२ वाजता एकाच सेकंदात दोन फोन आले. पहिला एका शिक्षिकेच्या मुलीचा, आईच्या छातीत कळा येत होत्या. दुसरा जिन्यावरून घसरून मनगट मोडलेल्या गृहस्थांचा. दोन्ही प्रतींना सात नंबरची गाडी मोकळी दिसली. दोघींनी ती देऊन टाकली. ड्रायव्हरच्या मोबाइलवर एका वेळी एकच पत्ता राहतो. दुसऱ्या पत्त्याने पहिला पुसला. ड्रायव्हर मनगटाकडे गेला.

मुलीच्या मोबाइलवर मात्र 'गाडी निघाली आहे' असेच दिसत राहिले. शेजारी स्वतःची मोटार काढून दारात उभे होते. तिने त्यांना थांबवले. अडतीस मिनिटांनी आई गेली.

दोन्ही निरोप ड्रायव्हरला मिळाले आणि त्याने सोपे काम निवडले, असे कंपनीने आपल्याला कळवले आहे. तो चार दिवसांपासून आपल्या कोठडीत आहे. मी मॅनेजरसाहेबांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ड्रायव्हर काय रे, आज हा, उद्या दुसरा. सिस्टिमवर आळ आला तर सगळ्यांच्या पोटावर पाय येईल." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चोर कोण ते मला ठाऊक होते, तरी मी तीन दिवस जेवलो, झोपलो आणि कामावर गेलो.

काल ड्रायव्हरची बायको ऑफिसात आली. कोणी तिला बसा म्हटले नाही. तिने मला विचारले, "दादा, तुमच्या मशीनला विचारा ना. ती खोटं बोलत नाही ना?" मी म्हणालो, "नाही वहिनी, मशीन खोटं बोलत नाही." ती बरं म्हणून निघून गेली.

कुलूप कधी आणि कोणी काढले याची नोंद प्रोग्राममध्ये राहते. तिचा कागद सोबत देत आहे. त्यावर माझे नाव आहे, दुसऱ्या कोणाचे नाही.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात त्यांनी 'तांत्रिक बिघाडामुळे' असे शब्द घातले होते. ते मी खोडायला लावले. बिघाड झालाच नव्हता. प्रोग्रामने मी लिहिले तसेच केले. बाकी सगळे मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो.