एकाच बियाण्याची चार पोती

माझी नोकरी एकदा जाता जाता राहिली, आणि तीही एका सज्जन माणसापायी. तेव्हा मी शेतीखात्यात होतो. दौंडजवळच्या राहू गावात रहीमचाचा म्हणून शेतकरी होते, त्यांच्या रानात ज्वारीच्या तीन बियाण्यांचा प्रयोग लावला होता, प्रत्येकाचे चार वाफे. मळणी झाली, बारा वाफ्यांची बारा पोती वेगळी ठेवली आणि मी वजनाचा काटा आणायला दौंडला गेलो. येऊन वजनं केली, आकडे पुण्याला साहेबांकडे धाडले.

आठवड्यात साहेब स्वतः राहूला हजर. "एकेका बियाण्याच्या चारही वाफ्यांचं वजन तंतोतंत सारखं? आकडे घरी बसून लिहिलेत का?"

चाचा शांतपणे म्हणाले, "सायेब, त्यांना बोलू नका. ह्ये काटा आणाया गेले तवा पोती म्या मापानं मोजून सारखी केली. एकच बी, आन् एका वाफ्यात कमी, एकात जास्त? लोक म्हंतील, चाचाला शेती येत न्हाई. पर एका बियाचा दाणा दुसऱ्यात जाऊ दिला न्हाई. तुमची ती सरासरी बदलली का?"

"नाही," साहेबांना कबूल करावं लागलं. "पण चाचा, एकच बी वाफ्यावाफ्यात किती कमीजास्त येतं ते कळल्याशिवाय, दोन बियांमधला फरक बियांचा की रानाचा, हे ठरवायचं कसं?"

चाचा माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजी रानातलं जे उणं म्या झाकलं, तेच बघायला तुम्ही आला व्हता व्हय? मग पेरणीलाच सांगायचं न्हाई का?"