शेवग्याखालची ओल

नाही हो अण्णा, तिथं पाय देऊ नका, पाल्याखाली अळू आहे — आणि टेप एवढ्यात कशाला काढता? हे येतीलच. भवानी पेठेत पत्रेवाल्याकडं गेलेत, तुमच्या कापडाच्या मागांच्या शेडसाठीच. बसा की. चार माग म्हणजे एवढी शेड, म्हणजे ही सगळीच झाडं जाणार — हो ना? — मग बसा, झाडं काही पळून जात नाहीत. कचरा दिसतोय ना? शेजारच्या गौरम्माही म्हणतात, तुमच्या घरी केरसुणी नाही का? आहे की! पुढं सडा-रांगोळी सगळं करते. पण इथला पाला नाही झाडत. माहेरी बांधावरच्या कडुनिंबाखाली बघितलं होतं, कुणी झाडत नाही तिथंच कायबाय उगवतं. पाला कुजतो, न्हाणीचं पाणी त्या चरातून येतं, तेवढ्यावर सगळं — वर शेवगा, हादगा, सावलीत लिंबू, सीताफळ, खाली हळद, आणि घेवडा तर दिसेल त्याच्या अंगावर चढतो. हे म्हणतात, जंगल केलंस, एक दिवस वाघ निघेल. म्हटलं निघू दे, त्यालाही घेवडा वाढते.

साप? आहेत की, चांगले मोठे — हसू नका. बरं, नाहीत. एक धामण दिसली होती, तीही गेल्या पावसाळ्यात. पण माती बघा हात लावून. बाहेर वैशाखात डांबर चपलेला चिकटतं, आणि इथली हवा कशी ओलसर, मागावरचा धागासुद्धा तुटायचा नाही — नाही नाही, तसं नव्हतं म्हणायचं मला. लगेच मान काय डोलवता? अहो, ही ओल पाल्याची. झाडं तोडून पत्रा टाकलात की तीही गेली, मग बसा पाणी शिंपडत.

एवढं कशासाठी लावलं म्हणता? बहात्तरचा दुष्काळ आठवतो ना? पदर पुढं ओढून रेशनच्या मिलो ज्वारीच्या रांगेत उभी राहायची, ओळखीचं कुणी बघू नये म्हणून. एकदा माझा नंबर आला आणि दुकान बंद. घरी पीठ एका माणसापुरतं. यांना म्हटलं, माझा सोमवार आहे. मग गुरुवार. मग शनिवारही धरला — कुठले उपवास हो! यांना अजून ठाऊक नाही, तुम्ही बोलू नका हं. तेव्हापासून वाटतं, कुठल्याही महिन्यात दाराबाहेर हात घातला की खायला काहीतरी लागलंच पाहिजे. लोक बाग म्हणतात. मला नुसती धास्ती. पहाटे उठून बघते, शेवग्याला फूल आहे का, गळलं तर नाही ना. आता गिरणीतलं काम सुटल्यापासून हेही पहाटेच उठतात — ते ओसरीवर फेऱ्या मारतात, मी इथं. त्यांना मागात भाकरी दिसते, मला झाडात. चूक कुणाचीच नाही हो —

असं करा, आमचं माजघर घ्या! चार नाही, दोन माग बसतील. त्याची खिडकी या शेवग्याकडंच आहे, उघडी ठेवलीत की हीच ओल आत. आम्ही दोघं स्वयंपाकघरात झोपू. यांना तुम्हीच सांगा, माझं ऐकायचे नाहीत — सांगाल ना? — असे माझ्या मागं काय बघताय?

अगं बाई. तुम्ही कधी आलात? सायकलची घंटी तरी वाजवायची की. पत्रे ठरले का? — अहो, अण्णांच्या हातातली टेप कशाला घेतलीत — आणि निघालात कुठं? तिकडं तर माजघर...

थांबा. थांबा जरा, अंथरुणं गोळा करते.