शिंक्याची शेवटची सोळा पानं

ग्रंथपाल : नोंदवहीत ऐंशी पानं, पुस्तकात चौसष्ट. शेवटची सोळा पानं काय वाळवीनं शिवण उसवून नेली, काका?

बाइंडर : वाळवीवर आळ घेऊ नका, बाई. मीच काढली.

ग्रंथपाल : काढली?

बाइंडर : तीस वर्षांपूर्वी. तुमच्या ग्रंथालयानं बांधायला पाठवलं होतं. शेवटचा फर्मा, म्हणजे ती सोळा पानांची घडी, बाजूला ठेवला नि बाकीचं शिवून टाकलं. बघा, अजून एक टाका हललेला नाही.

ग्रंथपाल : टाक्याचं कौतुक नंतर करा! अध्यक्षांच्या नातीला दुकानातली नवी प्रत मिळाली, तिनं दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. चार वाजता समिती बसतेय. पानं नसतील तर बांधणीचं काम तुमच्याकडून काढून घेणार.

बाइंडर : घेऊ देत. त्यांच्यातल्या एकानं तरी उघडलंय का हे पुस्तक? शिंक्यासारखा गुणाचा राक्षस शोधून सापडायचा नाही.

ग्रंथपाल : मला सांगता? नऊ वर्षांची होते तेव्हा तोंडपाठ होतं. शिंकला की गावाची छपरं उडतात, म्हणून बिचारा खाणीत जाऊन बसतो, दोन्ही हातांनी नाक दाबून.

बाइंडर : आणि ती पोरगी त्याला चादरीचा रुमाल नेऊन देते.

ग्रंथपाल : हो! आणि शेवटी गावातली माणसं चढण चढून येताना दिसतात आणि तो हसतो. संपलं. ती माणसं त्याला घरी न्यायला आली, यावरून मी वर्गात मारामारी केलीय.

बाइंडर : मग? कशाला हवीत आणखी सोळा पानं?

ग्रंथपाल : म्हणजे... घरी न्यायला नाही आली?

बाइंडर : भाले घेऊन आली.

ग्रंथपाल : काय सांगता!

बाइंडर : तेव्हा मी विशीतला. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लोकांची पुस्तकं शिवता शिवता एकेक अक्षर लावत वाचायला शिकलो. हे माझं पहिलं पुस्तक. चार महिने झटलो त्याच्याशी. आणि एकाहत्तराव्या पानावर शिंक्याला भोसकला. असा डोक्यात गेला तो लेखक! खुर्चीत बसून, चहा पीत, गरिबाचा जीव घेतो. गुन्हा काय त्याचा? सर्दी! म्हटलं, गेलास उडत, माझ्या सुईनं हे शिवलं जाणार नाही.

ग्रंथपाल : बरं. आणि पुढची नऊ पानं?

बाइंडर : कुठली पुढची?

ग्रंथपाल : बहात्तर ते ऐंशी.

बाइंडर : मेल्यावर काय असणार? गावानं ढोल बडवले असतील.

ग्रंथपाल : असतील? वाचलीच नाहीत तुम्ही?

बाइंडर : नाही. आणि वाचणारही नाही. त्या खालच्या खणात आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळून. न्या, आणि दुसऱ्या कोणाकडून शिवून घ्या.

(खण ओढल्याचा आवाज. मग बराच वेळ फक्त पानं उलटतात.)

बाइंडर : पोचलात का भाल्यापाशी?

ग्रंथपाल : कधीच. पुढे आलेय.

बाइंडर : त्या फडक्यानं डोळे पुसू नका, सरस लागलाय त्याला. पापण्या चिकटतील.

ग्रंथपाल : काका, राग मानू नका, पण शुद्ध गाढवपणा केलात.

बाइंडर : माझ्याच दुकानात उभं राहून?

ग्रंथपाल : हो, तुमच्याच दुकानात. तुम्हाला वाटलं, त्याला वाचवला. अहो, तीस वर्षं त्याच्यासाठी कोणाला रडू दिलं नाहीत तुम्ही! ऐका. ‘सकाळी गावानं शिड्या लावल्या. प्रत्येक घरानं आपल्या छपरावरचं एक कौल काढलं आणि त्या कौलांनी शिंक्याला झाकलं. मग पाऊस आला. सगळं गाव गळत होतं. भोक कोणीच बुजवलं नाही.’

बाइंडर : ...असं लिहिलंय?

ग्रंथपाल : छापलंय. हे बघा.

बाइंडर : दिसतंय. चष्मा लागला म्हणून आंधळा नाही झालो.

ग्रंथपाल : मग बोला ना काहीतरी.

बाइंडर : काय बोलू? त्या माणसाला तीस वर्षं रोज शिव्या घालतोय. एखादी तरी लागली असेल त्याला.

ग्रंथपाल : तुमची शिवी शिंक्यासाठी होती. लेखकाला राग आला नसता.

बाइंडर : ती सुई द्या. ती नव्हे, बारीक. आणि तुमच्या समितीला सांगा, पानं सापडली, पुस्तक उद्या मिळेल. सरस कोणाच्या हुकमानं वाळत नाही.

ग्रंथपाल : याच शब्दांत सांगते.

बाइंडर : धरा हे. घट्ट. हललं तर टाका तिरपा जाईल.

ग्रंथपाल : धरलंय.

बाइंडर : सगळ्यांनी दिलं कौल?

ग्रंथपाल : सगळ्यांनी.

बाइंडर : ज्यानं भाला मारला, त्यानंसुद्धा?

ग्रंथपाल : त्यानं दोन.