सुभेदारांच्या फोनातलं पावणं

…आता हसताय काय? मला सांगा, पावण्याला पावणं न्हाई म्हणायचं तर काय म्हणायचं? उद्या ज्येच्याशी सोयरीक जुळायची त्या माणसाचं नाव असं नुसतं, उघडं, फोनात घालायचं? जसं काय आपल्या बरोबरीनं गोट्या खेळलेला गडी! छ्या! आमच्या शेजारच्या सुभेदारांच्यात असलं चालत न्हाई बगा. सुभेदार म्हंजे लालासाहेब. सगळी उमेदीची वर्सं मिल्ट्रीत काढली, रिटायर झालं आणि इस्लामपूरच्या अलीकडं आमच्या गावात ऊस लावून बसलं. त्यांची आणि आमची भिंत एकच, त्यामुळं तुमास्नी सांगतो ते सगळं कानानं ऐकलेलं हाय, उगं तिखटमीठ न्हाई. तर सुभेदारांच्या फोनात बहिणीच्या सासरचं? पावणं. मेव्हण्याचं व्याही? पावणं. पोरगी बगून गेलेलं? ते तर पावणंच पावणं! 'प' दाबला की वरनं खालपत्तोर सगळं पावणं, पंगत बसल्यागत.

मी एकदा इचारलं, "सुभेदार, मग वळखायचं कसं वो?" तर माझ्याकडं असं बगितलं, जसं काय मी कालच भरती झालेला रंगरूट हाय. "फोटो लावलाय की रं!" आणि खरंच लावलेलं. पण माणसांचं न्हाई हां! समोर बसलेल्या पावण्याच्या तोंडावर मोबाईल धरायचा, बरं दिसतं का ते? म्हणून गडी निघता निघता त्यांच्या दारातलं कायतरी टिपून आणायचा. औंधचं पावणं म्हंजे म्हस. मुऱ्हा म्हस, काळीभोर, हिकडनं तिकडं फोटोत मावत नव्हती. मलकापूरचं पावणं म्हंजे निळा ट्रॅक्टर. बहिणीचं सासर म्हंजे तुळशीकट्टा. आणि एक पावणं असं हुतं, त्यांचा नुसता उंबरा. "त्यांच्यात फोटो काढण्याजोगतं कायच न्हाई," म्हणालं. पण काम चोख! म्हस दाबली की औंध उचलणार, ट्रॅक्टर दाबला की मलकापूर. कवा चूक न्हाई.

आणि मग आलं ते अपडेट!

कुणी बोलावलं हुतं वो त्येला? फोन वाजत हुता, बोलणं ऐकू येत हुतं, आणि काय पायजे? पण न्हाई! सकाळी सुभेदार चहा पीत बसल्यात आणि फोन इचारतोय, नवी आवृत्ती टाकायची का? खाली दोन खिडक्या, 'होय' आणि 'नाही'. आता सुभेदारांची खोड अशी, की लिहून आलेल्याला न्हाई म्हणायचं त्यांच्या रक्तातच न्हाई. हुकूम म्हंजे हुकूम! दाबलं 'होय'. फोन गरम झाला, बंद पडला, चालू झाला आणि पुन्ना इचारतोय, जयराजचं खातं जोडायचं का? जयराज म्हंजे त्यांचा पोरगा, पुण्यात कंपनीत असतो. दिवाळीला आला तवा बापाच्या फोनात आपलं खातं उघडून कायतरी बगितलं आणि बंद न करताच गेला निघून. जोडायचं का? हुकूम म्हंजे हुकूम! दाबलं 'होय'. मग फोननं शेवटचं इचारलं, एकाच नावाची माणसं एकत्र करायची का?

हितं माणसानं थांबावं का न्हाई? हितं बायकोला हाक मारावी का न्हाई? सुभेदार उलटं खूश! "पावणं एकत्र येत्यात म्हणं! ह्येच्यासारखं काय हाय?" आणि दाबलं 'होय'.

झालं! सगळ्यांचा एकच पावणा झाला. वर एक नाव, खाली नंबरांची माळ. म्हस गेली. ट्रॅक्टर गेला. तुळस गेली. आणि फोटो कुठला राहिला म्हणता? उंबरा!

बरं, नुसतं पावण्यांवर भागलं असतं तर मी तुमचा वेळ घेतलाच नसता. पण कॅलेंडर! बापाचं कॅलेंडर गेलं पोराकडं आणि पोराचं आलं बापाकडं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदारांचा फोन कोकलला. बगतात तर काय, 'स्टँडअप, पंधरा मिनिटं'. जयराजच्या कंपनीतली रोजची मिटिंग ती, पर सुभेदारांना काय ठावं? तुमास्नी सांगतो, मी ह्या डोळ्यांनी बगितलं, सुभेदार अंगणात ताठ उभं! छाती म्होरं, हात मांडीला. त्यांच्या मंडळी, रंगूबाई काकू म्हणत्यात, "आवं, चहा निवतोय." तर ओठ न हलवता म्हणत्यात, "पंधरा मिनिटं थांब." आणि तिकडं पुण्यात जयराज सायबापुढं मोठ्या पडद्यावर कायतरी समजावून सांगतोय, तवर पडद्याच्या कोपऱ्यात उगवलं, 'म्हशीला इंजेक्शन, गाभण हाय का बघणे'. सायेब म्हणाला, "हा कुठला प्रोजेक्ट?"

आता खरं दुखणं ऐका. सुभेदारांची पोरगी राजेश्वरी. गुणाची, शिकलेली, सांगलीत क्लास करून परीक्षांचा अभ्यास करती. अपडेटच्या आधीच तिला दोन स्थळं आली हुती. मलकापूरचं आलं तवा पोरीनं मान हलवली ती आडवी. औंधचं आलं, धैर्यशील म्हणून पोरगा, तवा मान खाली घालून म्हणती कशी, "तुमी म्हणाल तसं, आप्पा." तिनं जल्मात कवा बापाचं एक ऐकलं नव्हतं, आणि अचानक 'तुमी म्हणाल तसं'! सुभेदारांच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणालं, संस्कार बगा! मग ठरलं, औंधला होकार, मलकापूरला नकार. औंधच्या पावण्यांनी जाताना सांगितलेलं, "रविवारपत्तोर निरोप द्या. न्हाई आला तर तुमचा नकार समजतो, आमाला दुसरीकडं पोरगी बगायला जायचं हाय." सुभेदारांनी लगेच कॅलेंडरात घातलं, शुक्रवारी औंधला होकार कळवणे, शनिवारी मलकापूरला नकार कळवणे.

आणि ते वाजलं कुठं? पुण्यात! जयराजनं बगितलं, म्हणाला आप्पांचं काय रोजचंच, आणि बोटानं बाजूला सारलं.

हां, एक सांगायचं राहिलंच. राजेश्वरीच्या क्लासात एक चंदना मॅडम. लय जीव ह्या पोरीवर. सांजच्याला रोज फोन. 'चंदना मॅडम' असं नाव तिच्या फोनवर आलं की राजेश्वरी वह्या घिऊन माडीवर, आणि सुभेदार खाली टीव्हीचा आवाज बारीक करायचं. कबड्डी लागलेली असू दे, न्हाईतर बातम्या. "पोरीचा अभ्यास चाललाय," म्हणायचं, "मॅडम देवमाणूस हाय." आमच्याबी घरचा टीव्ही बारीक करायला लावायचं, भिंत एक न्हवं का!

तर रविवार उजाडला. रंगूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आवं, औंधला कळवलं न्हवं?" सुभेदार म्हणालं, "हुकूम कुठं आलाय अजून?" "कुणाचा हुकूम?" "फोनचा!" रंगूबाईंनी पिठाचं हात तसंच कपाळाला लावलं. "आवं, आज रविवार हाय! पोरीचं लग्न फोनला इचारून करताय व्हय?"

मग काय धावपळ! सुभेदारांनी फोन काढला, म्हस शोधली, म्हस न्हाई. उंबरा हाय. म्हणालं, असंल ह्योच, पावणंच लिवलंय की! आणि माळंतला पहिलाच नंबर दाबला. पलीकडनं उचलला, तसा सुभेदारांनी वायरलेसवर द्यावा तसा निरोप दिला, श्वाससुद्धा घेतला न्हाई: "नमस्कार पावणं, लालासाहेब बोलतोय, आमचा होकार हाय, सुपारी फोडायला कवा येताय, ओव्हर!" पलीकडं गप. लय वेळ गप. मग हळूच आवाज आला, "…येतो की. आजच येतो." आणि फोन बंद. सुभेदारांनी मिशीवर हात फिरवला. "बगा, आनंदानं बोलवंना त्यांना!"

रंगूबाई म्हणाल्या, "पर औंधचं पावणं नाकातनं बोलत्यात. ह्यो आवाज घोगरा हुता." तेवढ्यात फोन उलटा वाजला. "पावणं, मलकापूर सोडलं आमी, वाटेत पेढं घेतो, चालंल न्हवं?"

मलकापूर! तुमास्नी सांगतो, राजेश्वरीच्या हातातलं ताट पडलं ते आमच्या स्वयंपाकघरात वाजलं. पोरगी मटकन खाली बसली आणि रडाय लागली. हुंदक्यातनं म्हणती, "आप्पा, काय केलंसा हे!" आणि सुभेदार, सगळी नोकरी बर्फात काढलेला माणूस, घामानं भिजला. पोरीला रडताना बगायची त्यांना सवय न्हाई वो. जीवच गेला त्यांचा.

लावला पुण्याला फोन. जयराज शांतपणे म्हणतोय, "आप्पा, घाबरू नका. आधी सेटिंग्जमध्ये जा." सुभेदार म्हणालं, "फोन कानाला हाय, तर फोनात जाऊ कसा?" "कानाचा काढा, समोर धरा." "समोर धरला तर तू ऐकू येत न्हाईस." "स्पीकर दाबा आप्पा, स्पीकर!" दाबलं, ते तांबडं दाबलं, फोन बंद. पुन्ना लावला. "आता संपर्कात जा, तिथं 'वेगळे करा' असं असंल." सुभेदारांनी शोधलं, सापडलं, दाबलं. फोन इचारतोय, खरंच वेगळे करायचे? हुकूम म्हंजे हुकूम! दाबलं 'होय'. आणि सगळं पावणं सुटं झालं, खरंच झालं! पण बिनफोटोचं. 'पावणं, पावणं, पावणं', एकाखाली एक, सगळी एका तोंडाची. आता ह्यातलं औंध कुठलं?

मग एकेकाला लावायला सुरवात केली. पहिलं लागलं बहिणीचं सासर. "होकार? कसला होकार पावणं? तुमची बहीण दिलीसा आमच्यात, तिला नातवंडं झाली!" दुसरं लागलं उंबऱ्याचं पावणं. ते बिचारं इतकं हरकलं, म्हणालं, "आमची आठवण कुणालाच न्हाई, तुमी तरी काढलीसा." त्यांना जेवायला बोलवावं लागलं. सुभेदार खाली बसलं. म्हणालं, "रंगू, माझ्या हातनं पोरीचं वाटोळं झालं." मोठ्यानं म्हणालं. मी भिंतीच्या हिकडं, मलाबी गलबलून आलं, खोटं कशाला बोलू?

तवा राजेश्वरी उठली. तोंड पुसलं. माडीवर गेली, खाली आली, आणि आपल्या फोनातला एक नंबर बापाच्या फोनात पाठवला. "आप्पा, ह्यो लावा." सुभेदारांनी बगितलं. 'चंदना मॅडम'. "अगं, आता अभ्यास?" "लावा म्हणते न्हवं!" लावला. पलीकडनं उचलला आणि आवाज आला, चांगला दणकट: "कोण बोलतंय?"

सुभेदार म्हणालं, "मॅडम… घसा बसलाय व्हय तुमचा?"

राजेश्वरी भुईकडं बगती, रंगूबाई आढ्याकडं बगत्यात. आणि रंगूबाई ज्या बेतानं आढ्याकडं बगत हुत्या न्हवं, त्यावरनं मला वाटतं त्यांना आधीपासनं ठावं हुतं. मग पलीकडनं बारीक आवाजात, "आप्पा? नमस्कार करतो. धैर्यशील बोलतोय. आमी एकाच क्लासला हुतो."

काय वाटलं असंल वो त्या माणसाला? सोयऱ्याचं नावसुद्धा तोंडानं न घेणारा बाप, आणि त्येच्याच घरात, त्येच्याच टीव्हीच्या बारीक आवाजात, रोज सांजच्याला! मला वाटलं आता फोन उसात जातोय. सुभेदारांनी पोरीकडं बगितलं. पोरीचं डोळं सुजलेलं. मग म्हणालं, "बाबा कुठं हाईत तुमचं?" धैर्यशील म्हणाला, "गाडीत बसल्यात. पोरगी बगायला निघालोय. तुमचा निरोप आला न्हाई म्हणून…"

"थांबवा गाडी!" सुभेदार गरजलं. आमच्या गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. "आमचा होकार हाय! हुकूम हाय म्हणावं माझा!" आणि फोन ठेवून पोरीला म्हणालं, रागानं न्हाई हां, कळवळून, "अगं, कबड्डीचा अख्खा मोसम माझा वाया घालवलास की गं!"

तवर दारात मलकापूरची गाडी. पेढ्याचा पुडा घिऊन पावणं बसलं, घाम पुसला, चहाला हात लावंना. शेवटी तेच म्हणालं, "राग मानू नका. आमच्या पोरानं बंगळुरात आपलं आपण जमवलंय. आमी नकारच कळवणार हुतो, पर तुमचा होकार आला, आता फोनवर न्हाई कसं म्हणायचं? म्हणून तोंडानं सांगायला आलो." "आणि पेढं?" "आवं, नकार द्यायला झालं म्हणून काय रिकाम्या हातानं यायचं?" सुभेदार उठलं ते त्यांना मिठीच मारली. त्यांच्याच पेढ्यानं औंधच्या होकाराचं तोंड गोड झालं, आणि भिंतीवरनं एक मलाबी आला.

लग्न झालं, झ्याक झालं. जावई लाखात एक. सुभेदारांनी रीतीनं फोनात घातलं 'जावईबापू', आणि फोटो लावला म्हशीचा. सगळं जागच्या जागी. आणि मागल्या आठवड्यात… आलं की वो पुन्ना अपडेट! चहाच्या वक्ताला फोन इचारतोय, 'जावईबापू' आणि 'चंदना मॅडम' ह्यांचा नंबर एकच हाय, एकत्र करायचं का? मी भिंतीवरनं वरडलो, "सुभेदार, थांबा!" थांबतंय कोण? हुकूम म्हंजे हुकूम! दाबलं 'होय'.

आता जावयाचा फोन आला की पडद्यावर म्हशीचा फोटो, खाली 'चंदना मॅडम'. आणि सुभेदार, सगळं ठावं असून बगा, अजूनबी हात जातो तो रिमोटकडंच. टीव्ही बारीक करत्यात, आणि आत बगून म्हणत्यात, "रंगू, पदर घे… मॅडम आल्यात."