लाल ठिपका

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात माझ्या पुढे एक गृहस्थ आणि त्यांची कॉलेजातली मुलगी उभी होती.

"काका, फोटोग्राफीच्या क्लासला रोलवाला कॅमेरा लागतोय. जुना चालेल, पण स्वस्तातला दाखवा."

"मग हा घे. लेन्स स्वच्छ आहे. फक्त रिंगवर कुणीतरी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय, म्हणून कमी भावात देतो."

"आठच्या आकड्यावर?"

"हो! तुला कसं कळलं?"

"माझ्या आईनं पण तिथंच दिला होता. चष्म्याशिवाय आकडा दिसायचा नाही तिला. बाबा, बघा तरी, अगदी आईच्या कॅमेऱ्यासारखा आहे."

"असे छप्पन्न असतात. तुम्ही दुसरा दाखवा हो."

"दुसरे सगळे दुप्पट किमतीचे आहेत, साहेब."

"असू देत. याचं मागचं झाकण नीट बसत नाही. उजेड आत जातो आणि अख्खा रोल वाया जातो."

"बाबा, तुम्ही तर तो हातातसुद्धा घेतला नाही."

"अगं, जुन्या कॅमेऱ्यांचं असंच असतं."

"नाही हो, बाकीच्यांची झाकणं घट्ट आहेत. याचंच ढिलं होतं, परवा मी दुरुस्त केलं."

"बाबा, घर बदलताना आईचा कॅमेरा हरवला, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"इथं तमाशा नको. घरी गेल्यावर बोलू."

"घरी काय बोलणार? तीन वर्षं आई त्या टेम्पोवाल्याला चोर म्हणतेय, आणि तुम्ही शेजारी बसून मान डोलावताय."